पाइपलाइनमधली हवा: विहिरीपासून वावराच्या टोकापर्यंत लाइन तपासायची आणि भरायची पद्धत

टोकाला पाणी कमी आलं की पहिला संशय मोटारवर जातो. ५ एचपी काढून साडेसात बसवली जाते. दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या रात्री धुऱ्याजवळचा सॉकेट उडतो. मग दोष पाइपच्या कंपनीला. यातल्या बऱ्याच लाइनींचं दुखणं मोटारीत नसतं, पाइपातही नसतं. लाइनीत हवा अडकलेली असते. ती काढायचे उपाय सगळ्यांना ऐकून माहीत आहेत, पण ते उलट्या क्रमानं होतात: आधी हवा सोडणारा एअर व्हॉल्व्ह विकत आणायचा, मग तो कुठं लावायचा ते मिस्त्रीला विचारायचं.

पुढचा सगळा हिशोब एका नेहमीच्या लाइनीवर केला आहे: विहीर, ५ एचपी मोटार, ९० मिमी ६ केजीचा (चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाब सोसणारा) पीव्हीसी पाइप, ६०० मीटर लांबी, मध्ये एक नाला आणि दोन-तीन उंचवटे, शेवटी संत्र्याचा बगीचा. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

## आत नेमकं काय होतं

पाइपात पाणी आणि हवा एकत्र असली की पाणी खालून आणि हवा वरून चालते. पाण्याचा वेग वाढला की त्यावर लाट उठते, लाट पाइपच्या छताला टेकते आणि तिथं पाण्याचा बूच तयार होतो. मागची हवा त्या बुचाला ढकलते. टोकाला मग आधी भस्सकन हवा, नंतर धपकन पाणी, पुन्हा हवा. तेलाच्या पाइपलाइनी सांभाळणारे याला स्लग फ्लो म्हणतात. आपण सोयीसाठी ‘पाण्याचे गोळे’ म्हणू.

नुकसान दोन तऱ्हेचं होतं.

पहिलं फुटण्याचं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड. नोझल किंवा अर्धवट उघड्या कॉकमधून हवा सुर्रकन निघून जाते आणि तिच्यामागून धावत आलेला पाण्याचा गोळा त्याच तोंडावर एकदम अडतो. पीव्हीसी पाइपात १ मीटर सेकंदाच्या वेगानं चाललेलं पाणी झटक्यात थांबलं तर साधारण ३५ मीटरचा, म्हणजे साडेतीन केजीचा जादा दाब उठतो. लाइन आधीच २ केजीवर चालत असेल तर ४ केजीच्या पाइपाचं काय होईल ते उघड आहे. हवेमागून येणारा गोळा बरेचदा १ मीटरहून जास्त वेगात असतो, म्हणून ६ केजीचा पाइपही एल्बोपाशी हार खातो.

दुसरं नुकसान दिसत नाही, पण रोज होतं. हवेचा फुगा उंचवट्याच्या पलीकडच्या उतारावर पाइपच्या छताला चिकटून बसतो. पाणी त्याच्याखालून पातळ धारेनं घसरतं. जिथं फुगा आहे तेवढ्या उतरणीची उंची मोटारला फुकट जाते. एका उतारावरचा फुगा उभ्या उंचीत २ मीटर असेल तर २ मीटर हेड, म्हणजे मोटारची पाणी चढवायची तेवढी ताकद, गेलं. असे तीन उंचवटे म्हणजे ६ मीटर. नकाशावर विहीर आणि बगीचा एकाच पातळीवर दिसतात, मोटार मात्र जणू दोन मजल्यांवर पाणी चढवत असते.

## टप्पा १ : दोष कुठं आहे ते ठरवा

लागणारं सामान: २०० लिटरचा ड्रम, मोबाइलमधलं घड्याळ, मोटारच्या पेटीतला अँपिअर मीटर आणि मोटारच्या तोंडाशी बसवलेला ० ते ७ केजीचा प्रेशर गेज. गेज नसेल तर आधी तो घ्या, त्याच्यावाचून पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

लाइनीतले सगळे गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत ना, ते स्वतः चालत जाऊन पाहा. अर्धा बंद राहिलेला गेट आणि अडकलेली हवा गेजवर सारखीच दिसतात.

आता मोटार २० मिनिटं चालवून तीन गोष्टी लिहून घ्या.

ड्रम भरायला लागलेला वेळ. ४० सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८,००० लिटर.

अँपिअरचा काटा. ५ एचपी थ्री फेज मोटार भरल्या भारावर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. काटा सारखा नाचत असेल आणि गेजही नाचत असेल तर हवा मोटारकडूनच आत येते. सक्शन (विहिरीतून मोटारपर्यंत पाणी ओढणारा पाइप) चुकलं आहे किंवा विहिरीचं पाणी खाली गेलं आहे.

काटा स्थिर पण नेहमीपेक्षा कमी, गेज मात्र नेहमीपेक्षा जास्त आणि टोकाला पाणी कमी: हवा लाइनीत बसली आहे. मोठी मोटार बसवण्याची चूक याच ठिकाणी होते.

अँपिअर कमी आणि गेजही कमी, दोन्ही स्थिर: फुटबॉलची (सक्शनच्या खालच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह) जाळी कचऱ्यानं भरली आहे किंवा इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) झिजला. तो वेगळा विषय.

> तपासणी: मोटार बंद करा. टोक विहिरीपेक्षा उंच असूनही पाणी मिनिटभर गुळगुळत, उसळत येत राहिलं तर लाइनीत दाबलेली हवा फुगून पाणी ढकलते आहे. टोक उतारावर असेल तर ही खूण धरू नका, तिथं पाणी तसंही येतंच.

## टप्पा २ : हवा आत येणं आधी बंद करा

सक्शन ठीक केल्याशिवाय एअर व्हॉल्व्ह लावणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं.

१. फुटबॉल पाण्याखाली किमान २ फूट आणि तळापासून १ फूट वर हवा. एप्रिल-मे महिन्यात विहीर खाली गेली की पाण्यावर भोवरा फिरताना दिसतो. त्या भोवऱ्यातून हवा थेट पाइपात जाते. पाइप खाली सोडता येत नसेल तर दोन-अडीच फुटांची लाकडी फळी दोरीनं बांधून भोवऱ्यावर तरंगत ठेवा. फळीनं भोवरा मोडतो. फुटबॉलवर २ फुटांपेक्षा कमी पाणी उरलं की मात्र मोटार बंद करणं हाच इलाज.

२. सक्शन पाइप फुटबॉलपासून मोटारपर्यंत सलग चढता हवा. मध्ये कमान आली की तिथं हवा साठते आणि मोटार वरचेवर पाणी सोडते. काठावरच्या दगडाला वळसा घालताना ही कमान हमखास राहते.

३. सक्शनचे जोड साबणाच्या दाट फेसानं तपासा. मोटार चालू असताना फेस आत ओढला गेला तर जोड हवा खातो. डिलिव्हरीकडच्या जोडाला फेसाचा बुडबुडा बाहेर फुगतो, सक्शनकडे तो नाहीसा होतो. लोक दोन्हीकडे बुडबुडाच शोधतात आणि सक्शन ‘पास’ करून टाकतात.

४. ग्लँडमधून (पंपाचा दांडा बाहेर येतो तिथलं पॅकिंग) थेंबथेंब पाणी पडलं पाहिजे. पूर्ण कोरडी ग्लँड कदाचित हवा ओढत असते.

फुटबॉल गळतो म्हणून वरून शेणाचं पाणी ओतून तो बसवायची जुनी युक्ती एका दिवसाला चालते. तेच शेण पुढं ठिबकच्या फिल्टरमध्ये भेटतं. चामडं किंवा रबर बदला.

बोअर असेल तर गोष्ट वेगळी. पाणी तुटक यायला लागलं म्हणजे बोअरचा झरा मोटारपेक्षा कमी पडला. बोअरच्या तोंडचा गेट थोडा आवळून मोटारचं पाणी झऱ्याइतकं आणा.

## टप्पा ३ : लाइनीची पातळी मोजा

हा टप्पा जवळजवळ कुणीच करत नाही, आणि सगळा खेळ याच्यावर आहे. डोळ्यांना सपाट दिसणारं वावर ६०० मीटरमध्ये सहज दीड-दोन मीटर वरखाली असतं. त्यातून आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. सरळ टाकलेला पाइप चार-पाच वर्षांनी सरळ राहिलेला असतोच असं नाही.

लागणारं सामान: गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाइप १५ मीटर, लाकडी खुंट्या, टेप, वही, दोन माणसं.

१. विहिरीपासून लाइनीवर दर १२ मीटरला, म्हणजे दोन पाइपांच्या लांबीवर, एक खुंटी ठोका. ६०० मीटरला ५० खुंट्या.

२. लेव्हल पाइपात चिमूटभर हळद घातलेलं पाणी भरा आणि त्यात एकही बुडबुडा नाही हे नीट पाहा. बुडबुडा राहिला तर दोन टोकांची पातळी खोटी दिसते. ज्या भानगडीसाठी आपण मोजमाप करतोय, तीच भानगड इथं बोटाएवढ्या नळीत दिसते.

३. प्रत्येक दोन खुंट्यांमधला फरक सेंटिमीटरमध्ये लिहा. चढ अधिक, उतार उणे.

४. आता महत्त्वाचं. जमीन नव्हे, पाइपचा माथा मोजायचा आहे. धुऱ्यावर, पांदण ओलांडताना आणि नाल्याच्या दोन्ही काठांवर सब्बलनं खड्डा करून पाइप किती खोल आहे ते पाहा. जेसीबीवाल्यानं मुरूम लागला तिथं चर उथळ सोडलेला असतो आणि पाइपनं गुपचूप पाठ काढलेली असते.

५. वहीत आडवी रेघ मारून आकड्यांवरून लाइनीचा आकार काढा. तीन प्रकारच्या जागांवर खूण करा: जिथं चढ संपून उतार सुरू होतो, जिथं साधा उतार एकदम तीव्र होतो, आणि जिथं ४०० मीटरहून लांब सपाट पट्टा आहे.

> सावधान: नाल्याचा सगळ्यात खोल भाग एअर व्हॉल्व्हची जागा नाही. तिथं गाळ काढायला वॉशआउट कॉक लागतो. हवा माथ्यावर, गाळ तळाशी. हे उलटं लावलेलं सर्रास दिसतं.

## टप्पा ४ : पाण्याचा वेग काढा

सेकंदाचे लिटर गुणिले १२७३, भागिले आतल्या व्यासाचा (मिमी) वर्ग. उत्तर मीटर प्रति सेकंद.

आपल्या लाइनीत ५ लिटर, आतला व्यास अंदाजे ८४. ५ × १२७३ ÷ ७०५६ = ०.९ मीटर. तेवढंच पाणी ७५ मिमीच्या पाइपात (आत सुमारे ७०) १.३ मीटरनं धावतं आणि ११० मिमीच्या पाइपात (आत सुमारे १०३) फक्त ०.६ मीटरनं.

या मापांच्या पाइपात ०.६ च्या खाली वेग असेल तर हलक्या उतारावरचा फुगाही जागचा हलत नाही. १ मीटरच्या वर वेग असेल तर बहुतेक उतारांवरून पाणी फुग्याला ओढत पुढं नेतं. मधल्या वेगात उताराच्या तीव्रतेवर अवलंबून राहतं. दीड मीटरच्या वर मात्र जाऊ नका, घर्षण आणि दणका दोन्ही वाढतात.

‘मोठा पाइप टाका, पाणी मोकळं येईल’ हा सल्ला अर्धाच खरा निघतो तो यामुळे. मोठ्या पाइपात घर्षण कमी होतं, पण वेगही उतरतो आणि हवा ठाण मांडते. मोठा पाइप टाकायला हरकत नाही, फक्त मग एअर व्हॉल्व्हची काटकसर चालणार नाही.

सौर पंपवाल्यांनी हे दोनदा वाचावं. सकाळी ८ ला आणि ढगाखाली पाणी ५ वरून २ लिटरवर येतं, वेग ०.३६. फुगे जागोजाग बसतात. ढग सरला की मोटार वेग घेते आणि बसलेले फुगे, गोळे एकामागून एक निघतात. म्हणून सौर पंपावर रोज ११ ते १ च्या कडक उन्हात टोकाचा कॉक पूर्ण उघडून ५ मिनिटं लाइन धुवून काढा, मग ओलीत सुरू करा.

## टप्पा ५ : एअर व्हॉल्व्ह निवडा आणि बसवा

दुकानात ‘एअर व्हॉल्व्ह’ म्हटलं की जो मिळतो तो बहुधा मोठ्या तोंडाचा असतो. लाइन भरताना तो भरपूर हवा सोडतो, आतला तरंगता गोळा (फ्लोट) पाण्यानं वर उचलला की बंद होतो, आणि दाब असेपर्यंत परत उघडत नाही. नंतर साठलेली हवा त्याला दिसतच नाही. बारीक छिद्राचा दुसरा प्रकार दाबाखालीही थोडी थोडी हवा सोडत राहतो. आपल्याला दोन्ही कामं करणारा जोड प्रकार हवा. ९० मिमीच्या लाइनीला १ इंची पुरतो.

जागा: विहिरीवर एनआरव्हीच्या (पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आधी एक, म्हणजे उभ्या पाइपातली हवा लाइनीत ढकलली जाणार नाही. मग टप्पा ३ मध्ये खूण केलेल्या प्रत्येक माथ्यावर आणि तीव्र उताराच्या सुरुवातीला एकेक. लांब सपाट पट्ट्यात दर ४०० ते ५०० मीटरला एक.

बसवताना:

१. पाइपला छिद्र पाडून सॅडलवर अर्ध्या इंचाची नळी काढू नका. वेगात जाणारा फुगा त्या छोट्या तोंडाखालून सरकून पुढं जातो. ९० च्या लाइनीला वर ६३ चं तोंड असलेली टी लावा, म्हणजे फुग्याला चढायला जागा मिळते. तिच्यावर रिड्यूसर घेऊन १ इंच करा.

२. टीचं तोंड सरळ आकाशाकडे. थोडं कललं तरी हवेचा काही भाग खालीच राहतो.

३. जोडाचे दोन्ही भाग फडक्यानं पुसा, पॉलिश पेपरनं खरखरीत करा, सोल्यूशन दोन्हीकडे लावा, ढकलून पाव वळसा द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा. २४ तास पाण्याचा दाब देऊ नका. ‘रात्री लाइट येणार आहे’ म्हणून चार तासांत मोटार चालू केलेले जोड पहिल्याच दणक्याला निघतात.

४. व्हॉल्व्हच्या खाली एक कॉक, दुरुस्तीसाठी. तो उघडा ठेवून त्याची मूठ काढून घरी न्या. कुणी जाता-येता तो बंद केला की व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा.

५. व्हॉल्व्ह जमिनीपासून फूटभर वर, भोवती सिमेंटची रिंग किंवा दगड. रोही आणि रानडुकरांचा रस्ता असेल तर काटेरी फांद्या पुरत नाहीत.

व्हॉल्व्हऐवजी उभी हवानळी चालते का? जिथं चालू लाइनीचा दाब कमी आहे तिथं चालते, आणि व्हॉल्व्हपेक्षा बिनतक्रार चालते. त्या जागी ०.३ केजी दाब असेल तर पाणी नळीत ३ मीटर चढणार, नळी ४ मीटर हवी. याहून उंच नळी वाऱ्यानं आणि माकडांनी टिकत नाही. टोकाकडच्या माथ्यांवर हवानळी आणि विहिरीकडच्या माथ्यांवर व्हॉल्व्ह, अशी वाटणी स्वस्त पडते.

## टप्पा ६ : रिकामी लाइन भरणे

सर्वात जास्त पाइप इथंच फुटतात. आंबिया बहारासाठी बगीचा ताणावर सोडला, म्हणजे झाडांचं पाणी तोडलं, की लाइन महिनाभर रिकामी पडते, आणि ताण तोडायच्या दिवशी मोटार पूर्ण गेटवर धडकन चालू होते.

१. टोकाचा कॉक आणि सगळे हवामार्ग उघडे.

२. मोटारचा गेट जवळजवळ बंद करून मोटार चालू करा आणि लगेच दोन-तीन आटे उघडा. पूर्ण बंद गेटवर मोटार दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नका, पाणी तापतं.

३. भरताना वेग ०.३ मीटर ठेवायचा. ९० मिमीच्या पाइपात मीटरला साधारण साडेपाच लिटर पाणी मावतं, ६०० मीटरला ३,३०० लिटर. या वेगानं पाणी टोकाला पोचायला ३३ मिनिटं लागली पाहिजेत. ११ मिनिटांत आलं तर गेट पूर्ण उघडला होता असं समजा.

४. विहिरीकडून चालत निघा. प्रत्येक व्हॉल्व्हवर आधी हवेचा फुत्कार, मग थोडं पाणी, मग शांतता, हा क्रम दिसला पाहिजे. एखादा व्हॉल्व्ह मुकाच राहिला तर कॉक बंद आहे किंवा गोळ्याला गाळ चिकटला आहे.

५. टोकाला सलग धार आल्यावर ५ मिनिटं थांबा आणि मग गेट हळूहळू, एका वेळी एक आटा, पूर्ण उघडा.

> सावधान, ऑटो स्टार्टर: रात्री २ ला लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, गेट संध्याकाळी जसा सोडला तसाच असतो. टायमरनं मोटार उशिरा सुरू होते, हळू होत नाही. ऑटोवर सोडायचं असेल तर गेट तिसरा हिस्साच उघडा ठेवा, एनआरव्ही गळत नाही ते पाहा आणि टोकाचा पाइप वर वळवून ठेवा, म्हणजे मोटार बंद असताना लाइन रिती होणार नाही.

वाफे किंवा प्लॉट बदलताना आधी पुढचा कॉक उघडा, मग मागचा बंद करा. ६०० मीटरच्या लाइनीत दणक्याची लाट जाऊन परत यायला साधारण साडेतीन सेकंद लागतात. त्याच्या आत कॉक बंद झाला तर तो झटक्यानं बंद केल्यासारखाच. पाव वळशाचा बॉल कॉक एका सेकंदात बंद होतो, म्हणून मनात वीसपर्यंत मोजत तो फिरवा.

## टप्पा ७ : पुन्हा मोजा

त्याच ड्रमनं, त्याच ठिकाणी, विहिरीत पाण्याची पातळी साधारण तेवढीच असताना. हवा निघाली असेल तर ड्रम लवकर भरतो, अँपिअर थोडे वाढतात आणि गेज उतरतो. अँपिअर वाढले म्हणून घाबरून गेट आवळू नका. मोटार आता पाणी देते म्हणून वीज घेते. फक्त मोटारच्या पाटीवरचा आकडा ओलांडत नाही ना, तेवढं पाहा.

पाणी वाढलं नाही तर वही काढा आणि खुंट्यांचे आकडे पुन्हा तपासा. बहुतेक वेळा एखादा माथा सुटलेला असतो, आणि तो बहुधा धुऱ्याखाली असतो. संशय असलेल्या जागी पाइप उघडा करून माथ्यावर ३ मिमीचं छिद्र पाडा. हवा निघाली तर जागा सापडली, टी तिथं बसवा. पाणीच निघालं तर छिद्र सॅडल आणि प्लगनं बंद करून पुढच्या खुंटीकडे जा.

ठिबक असेल तर एक जास्तीचा एअर व्हॉल्व्ह फिल्टरच्या पुढं, सबमेनच्या सर्वांत उंच जागी लावा. मोटार बंद झाल्यावर लाइन मागं ओढते आणि हवेला वाट नसेल तर ड्रिपर ओला चिखल आत खेचतात. तुषारच्या नोझलवर चाचणी सोपी आहे: फिरता फिरता नोझल थांबून थुंकलं की हवा अजून बाकी आहे.

वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि ताण तोडायच्या आधी, प्रत्येक व्हॉल्व्हची टोपी उघडून गोळा आणि रबर धुवा. कुंभारीण माशी त्या बारीक छिद्रात मातीचं घर करते. टाचणीनं ते छिद्र मोकळं करा, खिळ्यानं नको, भोक मोठं झालं की व्हॉल्व्ह कायमचा गळतो.